चिमटा आणि वाटी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी पुरुषाच्या आयुष्यात एक दिवस ग्रिल येतं. भारतात दूध उतू जातंय का, एवढं पाहण्यापुरताच ज्याचा गॅसशी संबंध होता, तो उन्हाळा लागताच परसात एप्रन बांधून, लांब चिमटा घेऊन उभा राहतो. धूर निघतो, पाहुणे जमतात आणि ‘आज स्वयंपाक यांच्याकडे’ असं जाहीर होतं. बायको काही बोलत नाही. तिचा स्वयंपाक तोवर उरकलेला असतो.

या कामवाटपाचं बिंग व्हिएतनामी चवीचा बर्गर जितकं फोडतो, तितकं दुसरा कुठलाच पदार्थ फोडत नाही.

आम्ही सॅन होजेत राहतो. 1975 नंतर व्हिएतनाममधून आलेली असंख्य कुटुंबं इथे वसली, त्यामुळे गवती चहा जुडीने मिळतो, तोही जाड दांड्यांसकट. आपण पात चहात टाकतो; ते लोक खालचा पांढरा दांडा अगदी बारीक चिरून मांसाला चोळतात. कोंबडीच्या मांडीचा अर्धा किलो खिमा, त्यात असे दोन दांडे, लसूण, छोटे कांदे, मिरपूड, चमचाभर साखर आणि दोन चमचे फिश सॉस. मीठ घालायचं नाही, ते सॉसमध्ये भरपूर असतं.

हा सॉस म्हणजे मांदेलीच्या कुळातले छोटे मासे मिठात मुरवून काढलेला अर्क. व्हिएतनामच्या फू क्वोक बेटावर मोठाल्या लाकडी पिंपांत तो वर्षभर मुरतो. बाटली उघडली की कोकणातल्या माणसाला घर आठवतं आणि देशावरच्याला खिडकी. पण शिजल्यावर वास विरतो आणि खिम्याला एक खोल, भरीव चव देऊन जातो.

या बर्गरमागचा मूळ पदार्थ हनोईचा, बुन चा. डुकराच्या खिम्याच्या चपट्या टिक्क्या कोळशावर भाजायच्या, आंबटगोड पाण्यात सोडायच्या आणि तांदळाच्या शेवया व मूठभर हिरव्या पाल्याबरोबर दुपारी खायच्या. 2016 साली बराक ओबामा आणि खाद्यभ्रमंती करणारे शेफ अँथनी बोर्डेन हनोईतल्या एका साध्या खानावळीत प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून हेच जेवले. पुढे मालकांनी ते टेबल काचेत ठेवलं. शेगडी ठेवली नाही. ती दुसऱ्या दिवशी लागणार होती.

आमच्या परसातला शेगडीवाला मात्र स्वतःच काचेत ठेवण्याजोगा असतो. खिम्यात साखर असल्यामुळे टिक्की बाहेरून पटकन करपते, म्हणून मध्यम आच हवी आणि धीर हवा. याच्याकडे दोन्हीचा तुटवडा. उलथन्याने टिक्की दाबली की चर्र आवाज येतो, तो त्याला टाळ्यांसारखा वाटतो. खरं तर तो आतला रस निखाऱ्यात चालल्याचा आवाज असतो. ‘अहो, दाबू नका, पळून जाणार नाहीये ती!’ असं खिडकीतून ऐकू येतं. कोंबडीचा खिमा मध्यभागी 74 अंश सेल्सिअसला पोचला की झालं. दहा-बारा मिनिटांचं काम.

चवीची खरी जुळवाजुळव आत ओट्यावर झालेली असते. गाजर आणि पांढऱ्या मुळ्याच्या काड्या व्हिनेगर, साखर, मिठात निदान अर्धा तास मुरलेल्या. पुदिना आणि कोथिंबीर निवडून ठेवलेली. आणि एक वाटी, नुओक चाम: फिश सॉस, लिंबू, साखर, पाणी, ठेचलेला लसूण, लाल मिरची. आंबट, गोड, खारट, तिखट यांतलं एकही वरचढ होऊ द्यायचं नाही, हे तिचं सगळं शास्त्र. चिंच-गुळाची आमटी ज्या हाताला जमते, त्याला हे शिकवावं लागत नाही. बोट बुडवून चाटायचं आणि काय कमी आहे ते ओळखायचं.

भाजलेल्या टिक्कीला धुराची खरपूस चव येते, यात वाद नाही. पण वरच्या काड्या, पाला आणि वाटीतलं पाणी काढून घेतलं, तर उरतो कोंबडीचा एक साधा बर्गर. उलट टिक्की तव्यावर भाजली तरी व्हिएतनाम जागच्या जागी राहतो. तेव्हा असं जेवण कुणाकडे जमलं, तर चिमटेवाल्याची पाठ जरूर थोपटा, त्याला बरं वाटतं. पण पाककृती मात्र गाजर-मुळा चिरणाऱ्या व्यक्तीलाच विचारा.