जबाबदारी आमची, पैसे तुमचे

श्री. पे अँड पार्कवाले साहेब,
मुक्काम पनवेल.

स. न. वि. वि.

आपल्या पावतीवर आपलं नाव नाही, पत्ता नाही, फोन नंबर नाही. म्हणून हे पत्र उघड्यावर लिहावं लागतंय. पण ते आपल्याला पोचेल याची खात्री आहे. मी स्कूटर स्टँडला लावत होतो, तेवढ्यात आपला पोऱ्या शिट्टी वाजवत कुठून उगवला, ते मला अजून कळलेलं नाही. त्याआधी वीस मिनिटं मी जागा शोधत गोल गोल फिरत होतो, तेव्हा मात्र आसपास चिटपाखरू नव्हतं.

काम किरकोळ होतं. आईचा चष्मा दुरुस्तीला दिला होता, तो आणायचा. गाडी लावली 11 वाजून 5 मिनिटांनी आणि परत आलो 12 वाजून 10 मिनिटांनी. पावतीवर सुरुवातीची वेळ 10.50. विचारलं तर पोऱ्या म्हणाला, "काका, अंदाजे लिवलंय." अंदाज चुकायला माझी हरकत नाही, माणूस आहे. पण आपल्याकडचा अंदाज दर वेळी मागेच कसा सरकतो? कधी तरी 11.20 लिहून बघा की. बरं, एका तासावर पाच मिनिटं झाली की आपल्याकडे दुसरा तास पुरा धरतात, म्हणजे ही पंधरा मिनिटं चोरायची गरजही नव्हती. हाताला वळण लागलं की असं होतं.

पहिल्या तासाचे वीस, दुसऱ्याचे वीस, झाले चाळीस. दरफलक कुठाय म्हटलं तर पोऱ्याने हनुवटीने दाखवला. खांबावर फलक होता खरा, पण त्यावर एका युवा नेतृत्वाच्या वाढदिवसाचा बॅनर ताणून बांधला होता. दराच्या ठिकाणी नेतृत्वाचा गॉगल आला होता आणि खाली तीन रांगांत शुभेच्छुक. मी ऑनलाइन पैसे देतो म्हटलं. "स्कॅनर बंद हाय." स्कॅनरचा पुठ्ठा त्याच्याच गळ्यात लटकत होता, उलटा.

चाळीस दिले. गाडीपाशी आलो तर आरशाला अडकवलेलं हेल्मेट गायब. पोऱ्याने न बोलता पावती माझ्या हातातून घेतली, पालथी केली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "वाहन व वाहनातील वस्तूंची जबाबदारी वाहनमालकाची राहील."

साहेब, या ओळीबद्दल आपलं अभिनंदन. पैसे घ्यायचे गाडी सांभाळायचे आणि सांभाळायचं मात्र गाडीवाल्यानेच! पण ही युक्ती आपल्याआधी पंचतारांकित मंडळींनी करून पाहिली आहे. 1 ऑगस्ट 1998 च्या रात्री दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एक पाहुणे मारुती झेनने आले आणि किल्ली हॉटेलच्या माणसाकडे देऊन आत गेले. मध्यरात्रीनंतर बाहेर आले तर गाडी दुसऱ्याच कोणी पळवलेली. त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवरही हेच छापलं होतं, गाडी मालकाच्या जोखमीवर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 14 नोव्हेंबर 2019 रोजी न्यायालयाने सांगितलं की गाडी ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या निष्काळजीपणातून असं चिठ्ठी छापून सुटता येत नाही, पुरेशी काळजी घेतली होती हे हॉटेलने दाखवलं पाहिजे. आता त्या पाहुण्यांनी किल्ली दिली होती आणि माझी किल्ली माझ्याच खिशात होती, हा फरक मला कळतो. आपल्या वकिलांना तो मुद्दा मी फुकट देतो. त्याची पावती नको.

त्याच ओळीच्या वर आणखी एक रत्न आहे. "पावती हरवल्यास रु. 200 दंड." दंड! साहेब, दंड करायला मागे कायदा लागतो. आपण फार तर ठरलेलं भाडं मागू शकता. नो पार्किंगचा सरकारी दंडसुद्धा पहिल्या खेपेला 500 आणि पुन्हा केल्यास 1500 रुपये, आणि तो मोटार वाहन कायद्यातून येतो. त्या ई-चलनावर निदान गाडीचा फोटो, नंबर, ठिकाण, वेळ असते. कॅमेऱ्याने टिपलेल्या चुकीची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची असा केंद्राच्या नियमांत 2021 पासून दंडक आहे. फोटोतली गाडी आपली नसेल तर आरसीसकट तक्रार करता येते. सरकार दंड करतं तेव्हा पुरावा देतं, आपण अंदाज देता.

आणि तो जॅमर. पलीकडच्या कोपऱ्यात एका रिक्षावाल्याच्या चाकाला आपण पिवळा जॅमर ठोकला होता, तो बिचारा तीन माणसांना फोन करत उभा होता. पनवेलात एके काळी बैलगाडीची चाकं बनायची, हे जुन्या गॅझेटियरातही आहे. चाकं बनवणाऱ्या गावात चाकाला कुलूप घालायचा धंदा निघाला, यालाच बहुधा विकास म्हणत असावेत. चाक अडकवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला, ते पोऱ्याला विचारलं. "शेटला इचारा." शेट, म्हणून विचारतोय.

चाळीस रुपयांसाठी कोण भांडतो, या एका वाक्यावर आपला सगळा धंदा उभा आहे, हे मला ठाऊक आहे. पण आपण गाव चुकीचं निवडलंत. महापालिका 2016 साली झाली आणि तेव्हापासून मालमत्ता कराच्या बिलावरून भांडून भांडून इथला माणूस चांगला मुरला आहे. सिडकोला सेवाशुल्क भरलं, मग पुन्हा मागचा कर कसला, हे विचारायला सोसायटीच्या सोसायट्या उतरल्या होत्या. त्यांच्यापुढे आपलं पावतीपुस्तक म्हणजे किस झाड की पत्ती.

माझी पावती मी जपून ठेवली आहे, 10.50 च्या अक्षरासकट. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे. तिथे नाही जमलं तर रायगडचा जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही. हेल्मेटसह माझी मागणी त्या मर्यादेत बसते असं वाटतं.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
स्कूटरवाला काका

ता. क. परवाच्या वाऱ्यात बॅनर फाटला आणि गॉगलच्या मागचा फलक मोकळा झाला. त्यावर लिहिलंय: दुचाकी, पहिले दोन तास, दहा रुपये. माझे तीस रुपये परत करा. सुट्टे नसतील तर तो पुठ्ठा सुलटा करायला सांगा, माझ्याकडेही स्कॅनर आहे.