शेवटच्या दीड मीटरची शुद्धता

महानगरांतील तारांकित हॉटेलांत भरणाऱ्या उंची ध्वनिसंचांच्या प्रदर्शनांत पॉवर केबल, म्हणजे भिंतीतील प्लगपासून ॲम्प्लिफायरपर्यंत वीज नेणारी वायर, लाखाच्या घरातही विकायला असते आणि तिच्यामुळे आवाज ‘खुलतो’ असे गंभीरपणे सांगितले जाते. हीच वायर कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी आणली, तर शिवारातल्या उघड्या तारांवरून, वाटेत कृषिपंप फिरवत डीपीपर्यंत, म्हणजे रोहित्रापर्यंत, पोहोचलेल्या विजेला शेवटच्या दीड मीटरमध्ये शुचिर्भूत करण्याचे काम तिच्या गळ्यात पडेल. शिवाय खुललेला आवाज ऐकायचा तो कानांनीच: मानवी कान साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपने, टिपतो आणि वरची मर्यादा वयानुसार घटत जाते. अशी वायर परवडण्याइतका पैसा मात्र बहुधा ती मर्यादा घटल्यावरच हाती येतो. ग्राहकाने किंमत न विचारता, डोळे बांधून ही आणि साधी अशा दोन्ही वायरी ऐकाव्यात आणि फरक कळला तरच खिशात हात घालावा.