खाताबाबू

बजबजला खाताबाबू ओळखायचा असेल तर त्याच्या खांद्यावरच्या झोळीकडे बघू नये. बंगालात झोळी कवी अडकवतात, पुढारी अडकवतात आणि होमिओपॅथीचे डॉक्टरही अडकवतात. बघायचं ते नखांकडे. अंगठ्याच्या नखात कोळसा, तर्जनीच्या नखात हळद, करंगळीला आईच्या बाटलीतला आलता आणि मनगटावर कालच्या चहाचा ओघळ, एवढं जमून आलं की समजावं, हाच. वय एकोणीस-वीस, कोलकात्यातल्या कुठल्याशा आर्ट कॉलेजचं दुसरं वर्ष, काखेत जाडजूड स्केचबुक. वहीला इकडे खाता म्हणतात, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव खाताबाबू. खातादीदीही असतात. पण त्या रोज थोडं थोडं काढतात आणि वही वेळेवर भरतात, त्यामुळे विनोदी लेखनाला त्यांचा काही उपयोग नाही.

नोकरीने मला इथल्या तेलाच्या टाक्यांच्या शेजारी आणून टाकलं. मी मराठी आहे हे कळल्यावर शेजारच्या मेशोमशायांनी ‘बर्गी’ म्हणूनच माझं स्वागत केलं. अठराव्या शतकातल्या आपल्या बर्ग्यांच्या स्वाऱ्या इथल्या आज्या-पणज्यांनी अंगाईगीतात घालून ठेवल्या आहेत. नातवंडांना अजून तेच ऐकून झोप लागते. संध्याकाळी मी गंगेच्या घाटावर जाऊन बसतो. हुगळीला इथे गंगाच म्हणतात. खाताबाबूही तिथेच सापडतो.

त्याच्या सरांनी फर्मान काढलेलं असतं: महिनाअखेर वही भरून आणा, विषय निसर्ग, माध्यम मिश्र. यातला ‘भरून’ एवढाच शब्द त्याच्या डोक्यात शिरतो. एरवी वही भरण्याची त्याची हक्काची जागा म्हणजे सियालदह-बजबज लोकल. बजबज शेवटचं स्टेशन, त्यामुळे बालिगंजला डोळा लागलेला माणूस माझेरहाट, ब्रेस ब्रिज, संतोषपूर, आक्रा, नुंगी अशी सगळी स्टेशनं एकाच पोझमध्ये पार करतो. असं मॉडेल कॉलेजच्या वर्गातही मिळत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात खाताबाबू सरांना विचारून बघतो, की झोपलेला माणूस निसर्गात धरता येईल का. सर म्हणतात, कॉलेजमधलेही धरता येतील, पण त्यांना मार्क नाहीत.

मग त्याला परंपरा आठवते. उशीर झालेल्या बंगाली माणसाला परंपरा फार लवकर आठवते. तो मला सांगतो, की निसर्गचित्रणाची गादी याच नदीकाठची आहे. कोलकात्याचे सरन्यायाधीश एलिजा इंपी यांच्या पत्नी मेरी यांनी बंगल्यात पशुपक्षी पाळले होते आणि १७७७ पासून पाच-सहा वर्षं शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास या पाटण्याच्या चित्रकारांकडून त्यांची चित्रं काढून घेतली होती. झैनुद्दीनच्या खवल्या मांजराचा खवला न् खवला मोजून घ्यावा. भवानी दासचं वटवाघूळ असं पंख पसरून उभं आहे, की वकिलाने काळा कोट उघडून दाखवावा. पुढे शिबपूरच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये विल्यम रॉक्सबर्गने देशी चित्रकारांकडून झाडाझुडपांची अडीच हजारांवर चित्रं करून घेतली. ‘आणि त्यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा कुणी लिहून ठेवली नाहीत,’ असं खाताबाबू गंभीरपणे म्हणतो आणि स्वतःच्या कोऱ्या पानावर कोपऱ्यात आधी सही करून टाकतो. आमचं जे. जे. १८५७ चं, त्यांचं आर्ट कॉलेज १८५४ चं. ही तीन वर्षंही तो बोलता बोलता माझ्या पदरात घालतो.

गोष्ट खरी, पण झैनुद्दीनचं मॉडेल बंगल्यात पाळलेलं होतं. बजबजचा निसर्ग कुणाच्या पगारावर नाही. ओहोटी लागली की घाटाच्या खालच्या चिखलात ढोकरी येऊन उभी राहते. रंग मातकट, मान खांद्यात, निवृत्त हेडमास्तरांसारखी अचल. खाताबाबू खूश होतो. बर्न्ट सिएना कालवतो, त्यात थोडा प्रत्यक्ष चिखल घालतो (मिश्र माध्यम), ब्रश टेकवतो आणि पक्षी उडतो. उडाला की पांढराशुभ्र दिसतो, कारण पंख आतून पांढरे. आता पानावर मातकट आकृती आहे आणि आकाशात पांढरा पक्षी आहे. खाताबाबू मातकटावर पोस्टर कलरचा पांढरा फासतो. तेवढ्यात ढोकरी दहा पावलांवर उतरते, पंख मिटते आणि पुन्हा मातकट होते. असे दोन-तीन फेरे झाल्यावर पानावर जे तयार होतं त्याला तो ‘मूव्हमेंट स्टडी’ म्हणतो. निवट्यांचं त्याहून वाईट. ते चिखलात डोळे वटारून याच्याकडेच बघत बसतात आणि पेन्सिल हलली की बिळात. त्यांच्या पानावर नुसती बिळं आहेत, छान शेडिंग केलेली.

त्याला खरा पावतो तो जलपर्णीचा पुंजका. ओहोटीबरोबर तो डायमंड हार्बरच्या दिशेने निघून जातो आणि चित्र अर्धवट राहतं. पण इथली नदी भरतीला उलटी वाहते. खाताबाबू चहा घेतो, झालमुडी खातो, बाउडियाच्या लाँचमधली माणसं मोजतो, आणि पाणी फिरलं की तोच पुंजका वर परत येतो. तोच होता का, असं मी विचारलं तर तो दुखावतो. ‘डावीकडचं पान मी ओळखतो,’ म्हणतो.

आणि सल्लागार! मुंबईत चौपाटीवर कुणी चित्र काढत असेल तर लोक मागे उभे राहून बघतात आणि निघून जातात. इथे बघणारा माणूस समीक्षक असतो. ज्यूट मिलमधून निवृत्त झालेले एक जेठू पाठीमागे येतात, चष्मा कपाळावर सारतात आणि विचारतात, ‘बोकेर पा एतो मोटा कॅनो?’ बगळ्याचे पाय एवढे जाड का? खाताबाबू सांगतो, ही अभिव्यक्ती आहे. जेठू म्हणतात, अभिव्यक्ती चोचीत चालेल, पायात नको. नंदलाल बोस असते तर एका फटकाऱ्यात काढले असते. मग चहावाला नंदलालबद्दल आपलं मत देतो. दुसरे एक काका विनोदबिहारींचं नाव काढतात. नजर गेल्यावरही त्यांनी काम सोडलं नाही, आणि या पोराला चष्मा असून बगळा दिसत नाही. वाद शांतिनिकेतन विरुद्ध कोलकाता असा पेटतो, लाँच सुटते, अंधार पडतो आणि बगळ्याचे पाय तसेच राहतात. या वादात कधीतरी कुणाचा तरी मातीचा चहाचा भांड वहीवर लवंडतो.

इथून खाताबाबूच्या प्रतिभेला सुरुवात होते. तोवर तो निव्वळ विद्यार्थी असतो. सांडलेल्या चहाकडे तो क्षणभर बघतो आणि एका बोटाने ओघळ ओढून त्याचं संध्याकाळचं आभाळ करतो. खाली लिहितो: शाई, जलरंग आणि चहा. त्या दिवशी त्याला कळतं की ‘मिश्र माध्यम’ ही एक कृपा आहे. जे हातून घडलं ते माध्यम, आणि जे हाताबाहेर गेलं तेही माध्यमच. बजबजला अपघाताने काम फत्ते होण्याची रीत जुनीच आहे. १७५६ च्या डिसेंबरात क्लाइव्हच्या सैन्याला इथला किल्ला घ्यायचा होता. सकाळच्या हल्ल्याची सगळी तयारी झाली आणि रात्री स्ट्रॅहन नावाचा एक झिंगलेला खलाशी एकटाच भिंत चढून आत गेला आणि किल्ला आपला झाल्याचं ओरडू लागला. मागून बाकीचे धावले आणि किल्ला खरोखरच पडला. ॲडमिरलने शिस्तभंगाबद्दल झापलं तेव्हा तो कुरकुरला म्हणतात, की पुन्हा म्हणून एकट्याने किल्ला घेणार नाही. त्याला ‘मिश्र माध्यम’ हा शब्द माहीत असता तर बढती मिळाली असती.

मग खाताबाबूला धरबंध राहत नाही. वीटभट्टीवरची लाल भुकटी फेविकॉलमध्ये कालवून तो नदीचा काठ करतो. पूजालीच्या वीज केंद्राच्या राखेचा ढग करतो. मिलच्या दारातले तागाचे धागे चिकटवून गवत उगवतो. मायाळूला इकडे पुई म्हणतात आणि कोळंबी घालून भाजी करतात. तिच्या पिकल्या फळांचा जांभळा रस तो सावल्यांना वापरतो. गोकर्णाची फुलं चुरडून निळं पाणी काढतो, त्यात लिंबू पिळलं की गुलाबी होतं, म्हणून एकाच फुलात सकाळ आणि सायंकाळ भागते. कोळसा पसरू नये म्हणून बहिणीचा हेअर स्प्रे फवारतो, त्यामुळे त्याच्या वादळाच्या चित्राला मोगऱ्याचा वास येतो. धर्मतल्ल्याच्या लाहांच्या दुकानात फिक्सेटिव्हची बाटली काचेआड दिसते. ती तो बघून येतो, आणि परत येताना कॅमलची एक पांढरी ट्यूब घेतो. ही कंपनी दांडेकरांनी काढलेली, १९३१ सालची, आमची, असं मी त्याला अभिमानाने सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, मग टोपण का घट्ट बसतं ते तुम्हीच सांगा.

या वहीत खऱ्या अर्थाने निसर्ग उतरतो तो श्रावणात. तीन महिने हवेत पाणीच असतं. खळ लावलेल्या पानांवर आधी करडे ठिपके येतात, मग हिरवे. पुईचा जांभळा उडून मातकट होतो, आलता शेजारच्या पानावर चालून जातो, आणि तागाच्या गवतात कसर राहायला येते. आई म्हणते वही उन्हात टाक. खाताबाबू बुरशीचा फोटो काढून ठेवतो.

महिनाअखेरच्या आदल्या रात्री मात्र सोंग गळून पडतं. मोजल्यावर निम्मी पानं कोरी. आता निसर्ग कुठून आणायचा? स्वयंपाकघरातून. बाबांनी पावसाळ्यातला पहिला इलिश आणलेला असतो, पगाराला खिंडार पाडून. तो ट्यूबलाइटखाली ‘आनंदबाजार’च्या अंकावर आडवा होतो. बाबा पाटावर, तेल कढईत, मोहरी वाटलेली, आणि मासा पोझ देतो आहे. खवल्यांना चमक यावी म्हणून सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद चिकटवणं चालू आहे. आई दारातून विचारते, ‘माछटा भाजबो कोखोन?’ मासा तळायचा कधी? ‘आर पाँच मिनिट.’ पाच मिनिटांत माशाचा डोळा आत जायला लागतो, बाबांचा बाहेर यायला लागतो. शेवटी आई कोयत्यासारखी विळी घेऊन येते. मासा कापला जातो, आणि खाताबाबू शांतपणे पान उलटून तुकडे काढतो: पोटाचा, पाठीचा, गाभोळीचा. जेवणं झाल्यावर बाबांच्या ताटातले काटे काढतो. एका माशात तीन पानं. इलिशला काटे किती असतात हे ज्याला माहीत आहे त्याला त्या तिसऱ्या पानावरची मेहनत कळेल.

उरलेल्या पानांवर पानंच येतात. म्हणजे झाडाचं पान रंगात बुडवून त्याचा ठसा. पिंपळ मोठा, म्हणून पिंपळ. मग जोडपान म्हणून केळ. पहाटेपर्यंत प्रत्येक पानाखाली वेगवेगळ्या पेनने तारखा पडतात, कुठे इंग्रजी, कुठे बंगाली, म्हणजे रोज काढल्यासारखं वाटावं.

सर वही उघडत नाहीत, आधी हातात तोलतात. मग अंगठ्याने सगळी पानं फर्रकन सोडतात. तेही कधीकाळी याच लोकलने यायचे. त्यांना पिंपळ कुठल्या तारखेला सुरू होतो ते न बघता कळतं. एका पानावर थांबून ते विचारतात, ‘माघ महिन्यात कदंब फुलला?’ खाताबाबू म्हणतो, यंदा हवामान बदललंय सर. सर मान डोलावतात. मग बुरशीचं पान येतं. सर चष्मा काढतात, पान उजेडाला तिरकं धरतात, नखाने हलकंसं खरवडतात. हा पोत कसा साधला, विचारतात. खाताबाबू थोडा वेळ घेऊन सांगतो, ‘लेयरिंग.’ वहीतले सर्वांत जास्त मार्क त्या पानाला.

रविवारी सकाळी हाच खाताबाबू इस्त्रीचा कुर्ता घालून पाड्यातल्या क्लबात जातो, तेव्हा तो ‘आँकार स्यार’, म्हणजे चित्रकलेचे सर, असतो. सतरंजीवर ‘बसे आँको’, म्हणजे बसून चित्र काढायच्या, स्पर्धेची तयारी करणारी पंधरा-वीस पोरं, भिंतीला टेकून त्यांच्या आया, प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली आणि खोडरबर. स्यार फळ्यावर दोन त्रिकोणी डोंगर काढतात, मधून अर्धा सूर्य, सूर्याला सात किरण, खाली झोपडी, झोपडीशेजारी नारळ. हेच चित्र आपण सगळ्यांनी सातारा-सांगलीत काढलेलं आहे, पण आपल्याकडे निदान डोंगर होते. बजबजहून कुठल्याही दिशेला दिवसभर चालत गेलात तरी क्लबाच्या गच्चीएवढा उंचवटा लागणार नाही.

एक सहा वर्षांचा पोरगा डोंगर काढत नाही. त्याने नदी तपकिरी रंगवली आहे, काठावर तेलाच्या दोन गोल टाक्या, आणि चिखलात काहीतरी, जाड पायांचं. स्यार वाकून बराच वेळ बघतात. ‘एटा की?’ हे काय?

‘बोक.’

स्यार काही बोलणार तेवढ्यात पोराची आई भिंतीपासून उठते. ‘डोंगर नाही काढलेस? स्यार, स्पर्धा पुढच्या रविवारी आहे!’ फीचा लिफाफा तिच्याच हातात आहे. स्यार पोराच्या हातातली तपकिरी कांडी घेतात, हिरवी देतात आणि त्या दोन टाक्यांना वरून टोकं काढायला सांगतात.

‘आणि सूर्य?’ आई विचारते. ‘डावीकडे की उजवीकडे?’

‘मधोमध,’ स्यार म्हणतात. ‘परीक्षक वयस्कर आहेत.’