अबिंग्डन ते अकोला, मार्गे मूर्तिजापूर

अमरावती ते अकोला हा रस्ता गिनीज बुकात आहे. हे वाक्य अमरावतीचा माणूस जितक्या अभिमानानं म्हणतो तितक्याच अभिमानानं अकोल्याचाही म्हणतो, त्यामुळे दोन्ही शहरांचं ज्या मोजक्या गोष्टींवर एकमत आहे त्यांत हिची गणना होते. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात, एका लेनच्या हिशेबानं, ७५ किलोमीटर डांबर सलग १०५ तास ३३ मिनिटांत अंथरलं गेलं. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा, २५ किलोमीटरचा, आणि तेवढ्याला त्यांना दहा दिवस लागले होते. कतारच्या लोकांकडे फेरारी आहेत, आमच्याकडे रस्ता आहे. एवढा रस्ता झाल्यावर त्याला शोभेलशी गाडी आणावी, असं कोणाच्या तरी मनात येणारच होतं. ते आमच्या अकोल्याच्या साडूंच्या मनात आलं.

साडू जिनिंग-प्रेसिंगमधून निवृत्त झालेले. मुलगा इंग्लंडात कोव्हेंट्रीला नोकरीला. कोव्हेंट्री हे एके काळी मोटारींचंच गाव, त्यामुळे तिथं राहून पोराला गाड्यांचा नाद लागला यात त्याचा दोष नाही. तिथल्या एका म्हाताऱ्याच्या गॅरेजात त्याला १९४८ सालची एमजी टीसी सापडली, आणि शनिवारी रात्री साडूंचा फोन आला.

"साडभाऊ, पोरानं गाडी पाह्यली. दोन सीटची हाय, वरून उघडी. तुमी उद्या या. अन् येताना मिस्त्रीले घेऊन या."

मला बोलावण्याचं कारण असं की, सरकारी अधिसूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस म्हणून सासरवाडीत माझी ख्याती आहे. मिस्त्रींना बोलावण्याचं कारण उघडच होतं. बडनेरा रोडवरच्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये अँबॅसॅडर आणि फियाट यांचा शेवटचा आसरा आहे. हल्ली तिथं लोक इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन येतात आणि मिस्त्री त्यांच्याकडे पाहून गप्प बसतात.

अमरावतीहून निघालो ते काँटेसातून. एका गिऱ्हाइकाची गाडी, इंजिनाचं काम नुकतंच झालेलं, आणि मालकानंच सांगितलेलं की लांबची ट्रायल घ्या. मे महिना, सकाळचे सात, आणि ऊन अकरा वाजल्यासारखं. बडनेरा मागं पडलं, लोणी आलं, विक्रमी डांबर सुरू झालं. गाडी ऐंशीच्या वेगात अशी चालली की कपातला चहासुद्धा हलला नसता. मिस्त्री मात्र नाराज.

"हा रोड फेल हाय साहेब."

"काहून?"

"गाडीची खोडच समजत नाई. खड्डा असला की बुश बोलते, शॉकप बोलते. इथी सगळे मुके. ट्रायल कायची घ्यावं मी?"

काँटेसात बसून परदेशी जुन्या गाडीच्या आयातीला निघावं यात एक गंमत होती, ती मी मिस्त्रींना सांगितली. काँटेसा मुळात इंग्लंडची व्हॉक्सहॉल. तिकडं सत्तरच्या दशकात तिचं उत्पादन थांबलं आणि १९८४ मध्ये ती आपल्याकडे नवी म्हणून आली. अँबॅसॅडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड, पन्नासच्या दशकातली. ती २०१४ पर्यंत निघत होती. पद्मिनी म्हणजे फियाट ११००. स्टँडर्ड २००० ला बाहेरून रोव्हरचं अंग आणि आत त्याहून कितीतरी जुनं इंजिन. परदेशातून एखादी जुनी गाडी आणायची म्हटलं तर कायदा आडवा, पण जुन्या गाडीचे साचे आणून तीच गाडी वर्षानुवर्षं नवी म्हणून विकायला कोणाची ना नव्हती. माझ्या पिढीच्या माणसानं आयुष्यभर विलायती क्लासिकच चालवली. फक्त तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे.

मिस्त्री म्हणाले, "म्हंजे मी पयल्यापासून विंटेजचाच मिस्त्री हाय. रेट वाढवाले पायजे."

मूर्तिजापूरला थांबलो. गाडी बंद पडली नव्हती. पडू नये म्हणून थांबलो होतो. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, डिकीतून सुती फडका काढला, बाटलीतल्या पाण्यात भिजवला, पिळला आणि इंजिनाच्या कडेला असलेल्या पेट्रोल पंपावर नीट घडी करून ठेवला. पट्टी बदलणारी नर्ससुद्धा इतकी हळुवार नसते. वऱ्हाडच्या उन्हात कार्बोरेटरवाल्या गाडीचं पेट्रोल नळीतच उकळतं, त्याची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. इंग्लंडात बसून गाडी बनवणाऱ्याला ही अडचण स्वप्नातही दिसली नसणार. तिथं गाडी गरम व्हावी म्हणून खटपट करतात.

फडका वाळेपर्यंत आलूबोंडा आणि तर्री झाली. समोर शकुंतलेचं स्टेशन. आयात केलेल्या जुन्या गाडीचा विषय निघाला आणि मूर्तिजापूरला शकुंतलेचं नाव निघालं नाही, तर तो फाऊल धरावा. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं कापसासाठी टाकलेली अडीच फुटी रेल्वे. इथून एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं, १९२३ मध्ये कामाला लागलं आणि एप्रिल १९९४ मध्ये त्याला डिझेलनं सुट्टी दिली. सत्तर वर्षं. तेवढ्या काळात त्याला कोणी क्लासिक म्हटलं नाही, झेंडे लावून रॅलीत नेलं नाही. त्याच्या मागच्या डब्यांत कापसाच्या गठाणी, शाळेतली पोरं, बाजाराला निघालेल्या बाया आणि त्यांच्या कोंबड्या बसल्या. आता रूळ गवतात गेले आहेत आणि गाडी पुन्हा सुरू करा अशी मागणी अधूनमधून होत असते.

वऱ्हाडात जुन्या विलायती मोटारी शोधायला गेलं तर राजवाडे नाहीत, ही खरी पंचाईत. आमचा मुलूख १८५३ मध्येच इंग्रजांच्या ताब्यात गेला, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्यानं दिला गेला, आणि १९३६ मध्ये निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब मिळाला. म्हणजे आम्हाला युवराज होता, पण तो राहायला हैदराबादला. त्याच्या मोटारीही तिकडेच. आम्हाला किताबातलं नाव तेवढं मिळालं.

अकोल्यात शिरलो तेव्हा रस्त्यावर फक्त आम्ही आणि टरबुजांच्या गाड्या. साडूंच्या अंगणात पंखा बाहेर काढून सभा भरलेली. साडू, ताई म्हणजे माझी थोरली मेहुणी, शेजारचे निवृत्त मास्तर, आणि फोनच्या पडद्यावर, स्टीलच्या तांब्याला टेकवलेला, कोव्हेंट्रीचा भाचा. त्याच्याकडे पहाट व्हायची होती. पोरगं ब्लँकेट पांघरून बसलं होतं. ते पाहून मास्तरांना दरदरून घाम आला.

भाच्यानं गाडी दाखवली. देखणी होती, यात वाद नाही. लांब नाक, बाहेर आलेले दिवे, सायकलसारख्या तारांची उंच चाकं, मागं उघड्यावर पेट्रोलची टाकी आणि तिच्या पाठीवर स्टेपनी. पुढची काच दुमडून खाली पडते. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, दुकान ऑक्सफर्डचं, कारखाना जवळच्या अबिंग्डनचा. हल्ली रस्त्यावर दिसतात त्या एमजी वेगळ्या. ते नाव फिरत फिरत चिनी कंपनीकडे गेलं आहे. ही टीसी १९४५ ते १९४९ या काळात साधारण दहा हजार निघाली, आणि सगळ्या उजव्या स्टिअरिंगच्या. अमेरिकेत रस्त्याची उजवी बाजू चालते, तरी तिथल्या लोकांनी ती तशीच नेली आणि स्पोर्ट्स कारचं वेड लावून घेतलं.

"बस्ता येते किती जनाले?" ताईंनी विचारलं.

"दोन, आई."

"मंग मी कुठी बसू?"

भाचा म्हणाला, "बाबा चालवतील, तू शेजारी बस." ताईंनी साडूंकडे अशा नजरेनं पाहिलं की साडूंनी लगेच पंखा सरकवला.

मग माझी पाळी. मी चष्मा लावला आणि सांगितलं की, वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि उतरवायची ती मुंबई बंदरात. त्यानंतर दार बंद. ते पुन्हा उघडतं ते एकदम दुसऱ्या टोकाला. आधी १ जानेवारी १९५० पूर्वीची गाडी विंटेज म्हणून आणता येत असे, २०२५ पासून पन्नास वर्षं उलटलेली चालते. थोडक्यात, गाडी रांगती तरी असावी किंवा नातवंडांची तरी. ऐन उमेदीतल्या गाडीला या देशात प्रवेश नाही. आपली अठ्ठेचाळीसची. बसते नियमात.

टाळ्या पडल्या. मग मी जकातीकडे वळलो आणि टाळ्या थांबल्या. आधी किमतीत जहाजाचं भाडं आणि विमा मिळवायचा, मग त्या बेरजेवर एकावर एक कर चढत जातात आणि सगळं धरून कराचाच आकडा मूळ किमतीच्या दुपटीच्या पुढं जातो.

ताईंचा हिशेब माझ्याआधी झाला. "म्हंजे पैशे तीन गाड्याइचे द्याचे, एक आपल्याले अन् दोन सरकारले."

मास्तर म्हणाले, "सरकारकडे माफीचा अर्ज करू. सचिनला नाही का दिली होती?"

दिली होती. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये त्याला फेरारी मिळाली, सरकारनं जकात माफ केली, त्यावर देशभर गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि शेवटी ते पैसे फियाट कंपनीनं भरले. मी मास्तरांना एवढंच विचारलं की, अर्जात साडूंची शतकं किती लिहायची. साडू कॉलेजच्या संघात बारावे होते.

मिस्त्री इतका वेळ फोन हातात घेऊन भाच्याला गाडीच्या पोटाखाली कॅमेरा न्यायला सांगत होते. भाचा काल काढलेले व्हिडिओ दाखवत होता. एकाएकी मिस्त्री थांबले.

"भाऊ, ह्या बोल्टाले पाना कोन्ता लागते?"

"व्हिटवर्थ, काका. इंग्लिश मापाचा."

"अन् आटे?"

"आटे मेट्रिक. फ्रेंच."

मिस्त्रींनी फोन खाली ठेवला. आयुष्यात त्यांनी पुष्कळ पाहिलं असेल, पण हे नवीन होतं. खरी गोष्ट अशी की, कोव्हेंट्रीला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिनाचा कारखाना होता, तो मॉरिसनं १९२३ मध्ये विकत घेतला. यंत्रं फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक पडायचे. पण इंग्रज मिस्त्र्यांच्या पेटीत पाने इंग्लिश, म्हणून बोल्टाचं डोकं त्यांच्या मापाचं केलं. ती सोय एमजीच्या इंजिनापर्यंत चालत आली. अकोल्याच्या टिळक रोडवर असा बोल्ट मागितला तर दुकानदार आधी पाणी देईल.

"आन् ह्ये लाकूड कायचं हाय?" मिस्त्रींना पत्र्याच्या आत काहीतरी दिसलं होतं.

बॉडीचा सांगाडाच लाकडी, अ‍ॅश नावाच्या झाडाचा. थोडा कुजला आहे, असं भाचा दबक्या आवाजात म्हणाला. मिस्त्रींचा चेहरा उजळला. "कुजू दे. मेळघाटचं सागवान टाकून देऊ. गाडी सडन, सांगाडा नाई सडनार." इंग्रजांनी मेळघाटातून किती सागवान नेलं हे आठवून मास्तरांनाही बरं वाटलं.

गाडीत पेट्रोलचा काटा नाही, टाकी रिकामी होत आली की एक छोटा दिवा लागतो, हेही कळलं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबरी नळ्या त्यानं खराब होतात, हे मिस्त्रींनी सांगितलं. साडू हळूहळू खचत चालले होते. मी शेवटचा कागद काढला.

२०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची वेगळी नोंदणी होते. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. नंबर प्लेटवर एमएच, मग व्हीए, मग दोन अक्षरं, मग आकडे.

"तीस नाई?" साडू उठून उभे राहिले. "एमएच तीस नाई?"

"नाही."

"मंग लोकाले समजन कसं गाडी अकोल्याची हाय म्हनून?"

मी म्हणालो, अमरावतीकरांना तर हे जास्तच सोयीचं आहे. ते त्यांना आवडलं नाही. मग मी खरी मेख वाचून दाखवली. ही गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती, आणि पेट्रोल भरायला जाणं, एवढ्यासाठीच.

बराच वेळ पंख्याचाच आवाज. भाच्याकडे उजाडलं होतं, तो ब्लँकेटमधूनच म्हणाला, "बाबा, राहू द्या. मी नाही म्हणून सांगतो त्यांना."

ताई आतून रोडगे घेऊन येत होत्या. त्या दारातच थांबल्या.

"भाऊजी, पेट्रोल भराले जाता येते म्हन्ता ना?"

"येतं."

"कोन्त्या पंपावर, ते लिवलं हाय का त्याच्यात?"

मी कागद पुन्हा वाचला. नव्हतं लिहिलेलं.

"मंग झालं. इथच्या पंपाचा काई भरोसा नाई. आपन शेगावच्या पंपावर भरत जाऊ. गजानन महाराजाचं दर्शनबी होईन." मग साडूंकडे वळून म्हणाल्या, "गुरुवारी टाकी रिकामी पायजे, आतापासून सांगून ठिवते."

साडूंनी तिथल्या तिथं अकोला-शेगाव अंतर आणि टाकीचं माप यांचं गणित मांडलं. मास्तरांनी बाळापूरचा एक पंप सुचवला, तो नामंजूर झाला. मी अधिसूचनेचा हेतू काय असावा यावर दोन शब्द बोलू पाहत होतो, पण माझ्या ताटात तोवर दुसरा रोडगा पडला.

मिस्त्रींनी वांग्याच्या भाजीत रोडगा कुस्करत विचारलं, "पन वयनी, वाटात गाडी बिघडली तं? मले सोबत लागन. सीटा तं दोनच हाय."

"तुमी काँटेसात मागून या," ताई म्हणाल्या.