काखेत कळसा, माद्रिदला वळसा

परकी भाषा शिकवणाऱ्या पुस्तकाचा पहिला नाहीतर दुसरा धडा हमखास शाळेत घडतो. लेखकांचं शाळेवर फार प्रेम असतं अशातला भाग नाही. वर्गात बोट दाखवायला वस्तू भरपूर, एवढंच. स्पॅनिशचंही तेच. एल लिब्रो म्हणजे पुस्तक, ला सिया म्हणजे खुर्ची, ला मोचिला म्हणजे दप्तर. या धड्यातल्या जगात कुणाची फी थकत नाही, कुणाचा डबा सांडत नाही, आणि लोक खिडकीसमोर उभं राहून एकमेकांना ‘खिडकी कुठे आहे?’ असं विचारतात. इतक्या निरुपद्रवी गावात मराठी माणसाला घाम का फुटावा? माझं म्हणणं असं की हा घाम स्पॅनिशचा नसतोच, इंग्रजीचा असतो. पुण्याहून माद्रिदला निघालेला आपला विद्यार्थी वाटेत लंडनला उतरतो, तिथे सगळं सामान बदलून घेतो, आणि मग माद्रिदच्या नाक्यावर ‘हे सामान चालत नाही’ म्हटलं की कपाळाला हात लावतो. घरून निघताना त्याच्याकडे जे होतं, ते तिथे बिनबोभाट चाललं असतं.

‘मे गुस्ता ला इस्तोरिया’ हे वाक्य घ्या. मला इतिहास आवडतो. इंग्रजी पुस्तकात हे वाक्य आलं की लेखकाचा आवाज शस्त्रक्रियेआधीच्या डॉक्टरसारखा गंभीर होतो. घाबरू नका, पण इथे कर्ता तुम्ही नाही, इतिहास आहे. इतिहास तुम्हाला सुखावतो. क्रियापद इतिहासाच्या मागून चालतं. आवडणाऱ्या गोष्टी अनेक असल्या तर ‘गुस्तान’ म्हणा. पुढे चौकट, चौकटीत बाण, बाणांखाली सोडवायला दहा वाक्यं. आता बालवाडीतलं कुठलंही मराठी पोर घ्या. ‘मला भेंडी आवडत नाही. मला लाडू आवडतात.’ एकाचे चार लाडू झाल्याबरोबर क्रियापद अनेकवचनात गेलं, आणि पोराला एकही बाण लागला नाही. मराठीत आवडण्याचा मालक माणूस नसतोच. तो ‘ला’ लावून बाजूला उभा राहतो आणि कर्तेपण लाडवाकडे जातं. एकच मेख आहे. स्पॅनिशमध्ये गणित अनेकवचनी, म्हणून ‘मे गुस्तान लास मातेमातिकास’ म्हणावं लागतं. गणित एकटं येत नाही, टोळीनं येतं, हे दहावीपर्यंत भोगलेल्यांना पटायला हरकत नसावी. एवढं भांडवल घरात असूनही आपला विद्यार्थी ‘मला इतिहास आवडतो’चं आधी मनात ‘आय लाइक हिस्टरी’ करतो, त्यातला ‘आय’ काखोटीला मारून स्पॅनिशच्या दारात जातो, आणि ‘यो गुस्तो’ म्हणून मोकळा होतो. ऐकणाऱ्याला ते ‘मी आवडण्यासारखा आहे’ असं काहीसं ऐकू येतं. त्यानं बिचाऱ्यानं इतिहासाबद्दल विचारलेलं असतं.

दुसरा दाखला मला याहून प्रिय आहे. ‘बेओ ला पिसार्रा’ म्हणजे फळा बघतो. ‘बेओ आ ला प्रोफेसोरा’ म्हणजे बाईंना बघतो. मधला ‘आ’ कुठून टपकला? इंग्रजी पुस्तकं प्रामाणिकपणे कबूल करतात की असलं काही इंग्रजीत नाही, तेव्हा पाठ करा. मराठीत आहे की! फळा बघतो, पण बाईंना बघतो. खडू शोधतो, पण शिपायाला शोधतो. माणूस कर्म झाला की त्याला ‘ला’ किंवा ‘ना’ जोडायचा आणि वस्तूला उघडंबोडकं सोडायचं, हा भेद आपण झोपेतही पाळतो. ‘मी बाईंना बघितलं’ आणि ‘मी बाई बघितली’ यांत केवढं अंतर आहे, हे आठवीतल्या मुलालाही कळतं. नेमकं आठवीतच कळू लागतं. बारकावासुद्धा जुळतो. ‘बुस्को अल प्रोफेसोर’ म्हणजे सरांना शोधतोय, ठरावीक सर, बहुधा स्टाफरूमच्या बाहेर. ‘बुस्को प्रोफेसोर’ म्हणजे शिक्षक शोधतोय, कुणी का असेना, पेपरात जाहिरात देऊन. नेमका माणूस नसला की ‘आ’ गळतो, तसा आपला ‘ना’ही गळतो. कर्त्याचं तर बोलायलाच नको. ‘बोय आ ला एस्क्वेला’, शाळेत जातो. ‘मी’ न उच्चारता काम भागतं, आणि जाणारा मुलगा की मुलगी यावरून जातो-जाते करायची कटकट स्पॅनिशनं केव्हाच मिटवून टाकलेली आहे.

यावर हुशार वाचक हात वर करील. लिंगाचं काय? मराठीत वही ‘ती’, तिकडे क्वादेर्नो ‘तो’. दप्तर ‘ते’, तिकडे मोचिला ‘ती’. घरचं लिंग तिकडे चालत नाही. बरोबर, घरची उत्तरं चालत नाहीत, घरची सवय चालते. टेबलानं, म्हणजे ‘ला मेसा’नं, बाई का असावं या प्रश्नावर इंग्रजी मुलखातला विद्यार्थी पहिला आठवडा घालवतो. मराठी माणसाला असल्या शंका येत नाहीत, कारण त्याच्या वर्गात फळा बुवा, खुर्ची बाई आणि टेबल दोघांपैकी कुणीच नाही. तीन लिंगं सांभाळत मोठं झालेल्याला दोन लिंगांची भाषा म्हणजे एक विषय सुटल्यासारखं. नवा फळा, नवी वही म्हणणाऱ्या जिभेला ‘क्वादेर्नो नुएवो, मोचिला नुएवा’ पटवून द्यावं लागत नाही. ‘हुशार’ जसा मुलगा-मुलगी दोघांना न बदलता पुरतो, तसाच ‘इन्तेलिखेन्ते’. अपवादांची जातसुद्धा तीच. स्पॅनिशमध्ये ‘आ’नं संपणारं नाम बहुधा स्त्रीलिंगी, तरी प्रोब्लेमा, तेमा, इदिओमा हे पुरुष. मराठीत फळा, डबा, घोडा हे पुल्लिंगी. तरी शाळा, भाषा, परीक्षा या बायका. प्रोब्लेमा मंडळी ग्रीकमधून लॅटिनमार्गे आली. मूळची नपुंसकलिंगी, पण स्पॅनिश नामांत ते लिंगच उरलं नाही तेव्हा पुल्लिंगात त्यांची सोय लागली. शाळा आणि परीक्षा संस्कृतातून आल्या. दोन्हीकडे थोरल्या घरचे पाहुणे आपले रिवाज घेऊन आले आणि धाकट्या घरानं ते निमूट पाळले. वर्गखोलीला म्हणतात औला. शब्द स्त्रीलिंगी, पण ‘ला’ आणि सुरुवातीचा जोरकस ‘आ’ एकमेकांवर आपटू नयेत म्हणून एकवचनात ‘एल औला’, अनेकवचनात पुन्हा ‘लास औलास’. एकटी असताना पुरुषवेषात, मैत्रिणी जमल्या की साडीत. विशेषण मात्र चुगली करतंच: एल औला नुएवा. बालगंधर्वांना डोक्यावर घेतलेल्या महाराष्ट्राला या वेषांतराचं नवल वाटू नये.

हे वाचून एखाद्या उत्साही गृहस्थाला स्पॅनिश मूळची साताऱ्याकडची असावी असं वाटू लागेल, आणि पुढच्या आठवड्यात त्यावर पुस्तिका निघेल. तर तसं काही नाही. दोन्ही भाषा एका अतिविशाल कुटुंबातल्या आहेत खऱ्या, पण ‘मला आवडतं’ची खूण त्या नात्याचा पुरावा म्हणून दाखवता येत नाही. कन्नड माणूसही ‘ननगे इष्ट’ म्हणतो, म्हणजे मला आवडतं, आणि कन्नड तर त्या कुटुंबाच्या रेशनकार्डावरच नाही. शब्दांचं नातं थोडंफार आहे ते शेजारून, पोर्तुगीजमधून. लॅटिनमधल्या मागिस्तेरचा पोर्तुगीज मेस्त्रे झाला, तो आपल्याकडे मेस्त्री म्हणून आला. त्याचा स्पॅनिश भाऊ माएस्त्रो. तिकडे तो मुलांना घडवतो, इकडे कपाटं. कपाटं बरी निघतात. गोव्यात कोंकणी बोलणारा शाळेला ‘इस्कोल’ म्हणतो, त्याला ‘एस्क्वेला’ फार लांबची वाटणार नाही.

पण पुस्तकंच इंग्रजीत असतात, त्याला काय करणार, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलं स्पॅनिश इंग्रजीतूनच शिकतात, आणि तिथल्या शाळांत सर्वांत जास्त शिकली जाणारी परकी भाषा तीच. मान्य. पुस्तक इंग्रजीत असू द्या, मनातलं वाक्य मराठीत ठेवायला कोण अडवतं? अशा घरात ‘गुस्तार’ समजावून सांगायला योग्य व्यक्ती म्हणजे सहा महिन्यांसाठी आलेली, स्पॅनिशचं एक अक्षर न येणारी आजी. ‘तुला काय आवडतं रे?’ एवढं तिनं विचारलं की धडा संपला. दुसऱ्याच्या चष्म्यातून पाहायची खोड तशी आपली एकट्याची नाही. कॅस्टिलियनचं, म्हणजे स्पॅनिशचंच, पहिलं छापील व्याकरण १४९२ मध्ये सालामांकात निघालं. ते लिहिणारे आंतोनियो दे नेब्रिखा लॅटिनचे पंडित, त्यामुळे साचा लॅटिनचा. आपल्या दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणावर इंग्रजीची छाया असल्याचं अभ्यासक सांगत आले आहेत. नेब्रिखांनी मात्र पाच भागांपैकी शेवटचा खास परक्या भाषेच्या लोकांसाठी राखला, म्हणजे आपल्यासारख्यांची काळजी त्यांना तेव्हाही होती.

मराठीचं नाणं सगळीकडे खणखणतं असा दावा मी करणार नाही. स्पॅनिशमध्ये ‘आहे’ दोन आहेत. ‘एल प्रोफेसोर एस आबुर्रीदो’ म्हणजे सर कंटाळवाणे आहेत. ‘एल प्रोफेसोर एस्ता आबुर्रीदो’ म्हणजे सर कंटाळलेत. आपण विशेषण बदलून जे साधतो ते ते ‘आहे’ बदलून साधतात, आणि यात आपण इंग्रजीवाल्यांइतकेच कच्चे. (मार्च महिन्यात दोन्ही वाक्यं खरी असल्यामुळे चूक खपून जाते.) भूक तर स्पॅनिश माणसाला लागत नाही, त्याच्याकडे असते. आदरार्थी ‘उस्तेद’ मात्र ओळखीचा निघतो. तो ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून झिजत आला आणि अजून क्रियापद तृतीयपुरुषी मागतो, जसं ‘सरकार काय घेतील?’ पण गोची अशी की स्पेनमधली मुलं शिक्षकांना सर्रास ‘तू’ म्हणतात. उच्चार आणि अर्थ दोन्ही आपलेच, आणि नेमका तोच शब्द मराठी तोंडातून निघत नाही. आई आणि विठोबा सोडून वडीलधाऱ्याला ‘तू’ म्हणायचं, तेही परीक्षेचे पेपर तपासणाऱ्याला!

शेवटी उरतात शब्द, आणि तिथे घरचं भांडवल संपतं. तिसा म्हणजे खडू, हा शब्द मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून स्पेनला गेला. आणि खुद्द मेक्सिकोत खडूला म्हणतात ‘खिस’. रेग्ला म्हणजे नियम आणि रेग्ला म्हणजेच पट्टी. पूर्वी आपल्याकडेही पहिला समजावताना दुसरी लागायचीच. स्पेनमध्ये गृहपाठ म्हणजे ‘देबेरेस’, शब्दशः कर्तव्यं. मार्क आपण पाडतो, कैऱ्यांसारखे. ते बाहेर ओढून काढतात, ‘साकार’ करतात. दांडी मारायला स्पेनमध्ये ‘खोंडं करणं’ म्हणतात आणि अर्जेंटिनात ‘उंदीर होणं’. घोकंपट्टी करणारा तो ‘एम्पोयोन’, म्हणजे अंडी उबवत बसलेला, आपल्या भाषेत खुडूक कोंबडी. हे शब्द मिळवायचे तर खुडूक बसण्यावाचून इलाज नाही. मराठी कितीही उत्तम असो. आणि ज्याला बसवत नाही त्याच्यासाठी कॉपीची चिठ्ठी आहेच. तिला स्पेनमध्ये ‘चुलेता’ म्हणतात, म्हणजे मटणाची चाप; मेक्सिकोत ‘आकोर्देओन’, कारण घड्या घातलेली; अर्जेंटिनात ‘माचेते’, म्हणजे कोयता; चिलीत सरळ ‘तोर्पेदो’. एवढी शस्त्रं घेऊन लास औलासमध्ये बसलेल्यांपैकी कुणाचा ‘बेओ आ ला प्रोफेसोरा’मधला ‘आ’ राहिला तर एखादा मार्क जाईल. बाईंकडे बघायचंच राहिलं तर चापही जाईल आणि पेपरही.