हे कुणी सांगितलं होतं?

बिल आलं की काही माणसं शेवटचा आकडा बघून कपाळाला हात लावतात. काही माणसं पहिल्या ओळीपासून वाचायला घेतात आणि समोरच्याला कपाळाला हात लावायला लावतात. या दुसऱ्या जातीचा आमच्या घाटनांदुरातला नमुना म्हणजे बप्पा.

खिशात लाल रिफिलचा पेन आणि तोंडी एकच सवाल, "हे कुणी सांगितलं होतं?" स्टेशनजवळच्या हॉटेलात भज्यांसोबत तळलेली मिरची आली की सवाल आलाच. "फुकट हाय बप्पा," पोरगं म्हणतं. "फुकट कशी आसंल? भज्यात धरली आसंल!" सत्यनारायणाला गुरुजींनी एक आरती वाढवली, तर दक्षिणेच्या वेळी पेन निघाला. वरातीत बँडवाल्यानं दोन गाणी जास्त वाजवली, त्याचे पैसे कापले. त्या दोन्ही गाण्यांवर बप्पाच सगळ्यात जास्त नाचले होते, हा भाग वेगळा. सुनेला जुळं झालं तेव्हा दुसऱ्या बाळाकडं बोट करून त्यांनी नर्सबाईंनाही हेच विचारलं, असं गाव सांगतं. बप्पा इन्कार करतात. सून गालात हसते.

मागच्या पावसाळ्यात काकूंना ताप आला. बप्पांचं म्हणणं होतं, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ सरकारी रुग्णालयात न्यावं. जावईबापूंनी लातूरचा एक खाजगी दवाखाना गाठला. काकूंचा ताप उतरला आणि बप्पांना चढला, कारण बिल तीन पानी होतं.

काउंटरवर पेन निघाला. "डेंग्यू, मलेरिया तपासला, मान्य. पण ताई, ही थायरॉइड कुणी सांगितली होती? हे टू-डी इको कुणी सांगितलं? अन् व्हिटॅमिन डी?"

"बाबा, ते पॅकेजमध्येच येतं."

"म्हंजी युरियाच्या पोत्यासंगं नको ती बाटली गळ्यात मारतेत, तसंच की! दुकानदार लिंकिंग म्हणतो, तुम्ही पॅकेज म्हणता."

जावईबापू 'शांतता राखा'ची पाटी पुन्हापुन्हा वाचत होते. मी तर बप्पांना ओळखतच नव्हतो.

"डॉक्टरसाहेबांनी सांगितलंय," पोरगी शेवटचं अस्त्र काढती झाली.

"सांगितलं आसंल तर लिव्हलं आसंल. केसपेपर दावा."

केसपेपर आला. त्यात इको होता. बाकीच्या दोन चाचण्या कुठंच नव्हत्या. त्या 'चुकून लागल्या' होत्या. ही चूक कायम बेरजेतच कशी होते, वजाबाकीत का नाही, हे बप्पांनी विचारलं. मग दरपत्रक मागितलं. २०२१ च्या नियमांनी राज्यातल्या खाजगी रुग्णालयांना दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. इथं ते कूलरमागं दर्शन देत होतं. पैसे घेऊन उपचार करणारा दवाखाना ग्राहक कायद्यात येतो, हे सुप्रीम कोर्टानं १९९५ सालीच सांगून ठेवलंय, हेही त्यांनी रांगेतल्या सगळ्यांना ऐकवलं. दोन्ही चाचण्यांवर लाल रेघ बसली. एवढा वेळ वैतागलेली रांग मग आपापली बिलं उलगडून बप्पांपुढं उभी राहिली.

आता गावात कुणाला डिस्चार्ज मिळणार असला की बप्पांना निरोप जातो. हा माणूस मिरचीसाठी भांडतो, पण लातूरचं भाडं स्वतःच्या खिशातून भरतो, हे कबूल करायला जड जातं. पण खरं आहे.

गंमत इथं संपते. २०१९ साली आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायांची पाहणी झाली. ८२ हजारांवर बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं हा विषय गेला. पोटदुखी घेऊन आलेल्या कितीतरी जणींना कॅन्सरची भीती घातली गेली होती. उचल घेऊन, कर्ज काढून त्यांनी पैसे भरले. काउंटरपाशी त्यांच्या बाजूनं लाल पेन काढणारं कुणी नव्हतं.

तुमच्याही गावात एखादा बप्पा असेलच. त्याच्यासोबत लग्नाला जाऊ नका, हॉटेलात तर मुळीच नको. दवाखान्यात मात्र त्याला घेतल्याशिवाय जाऊ नका.