भिंतीवरचं सिबिल

"काकू, उणे एक म्हणजे नापासच ना हो?"

सकाळी पाण्याची वेळ. मी पिंपात पाइप सोडून कुंपणाच्या भिंतीला टेकले होते, तेवढ्यात पलीकडून छोटूच्या आईचं डोकं वर आलं. तिच्याकडे विटांची चळत, माझ्याकडे जुना पाटा. या दोन पायऱ्यांवर आमचा पंधरा वर्षांचा शेजार उभा आहे.

"कसलं उणे एक? छोटूची कॉलेजं संपली की आता."

"कॉलेजचं नाही हो. ते सिबिल का काय असतं ना, त्यात उणे एक आलंय. रात्री जेवला नाही नीट. म्हणाला, आई, मला अख्ख्या देशात पत नाही."

मला हसू आलं, पण आवरलं. छोटू आमचा विठ्ठलवाडीहून गाडी पकडतो आणि दुसऱ्या स्टेशनावर, अंबरनाथला उतरतो. आनंदनगर एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागून दीड वर्ष झालं. हातात साडेसतरा हजार पडतात. मोबाइल फुटला म्हणून श्रीराम चौकाकडच्या एका दुकानात हप्त्यावर नवा घ्यायला गेला, तर नाही म्हणाले. मग एका बँकेच्या क्रेडिट कार्डाला अर्ज केला. तिकडूनही 'सध्या शक्य नाही'.

"अगं, उणे एक म्हणजे नापास नव्हे," मी म्हटलं. "गैरहजर! आकडा असतो तीनशे ते नऊशे. उधार घेऊन बुडवलं तर तो खाली जातो. छोटूनं घेतलंच नाही काही, तर आकडा येणार कुठून? पेपरच दिला नाही तर मार्क कसले?"

"म्हणजे माझ्या पोरानं आजवर कुणाचे पाच पैसे थकवले नाहीत, हा त्याचा गुन्हा?"

"गुन्हा नाही. पण पुरावाही नाही."

हे वाक्य तिला झोंबलं. पदर खोचून ती आणखी एक वीट चढली. "आणि ते शेवटच्या खोलीतले? उभ्या गल्लीचे पैसे खाल्लेत त्यांनी. त्यांचं काय असेल हो?"

"त्यांचं असेल काहीतरी. गल्लीचे पैसे सिबिलला कळत नाहीत, बाई. बँकेचे, कंपनीचे कळतात."

"म्हणजे आपल्याला जे माहीत ते त्याला माहीत नाही, आणि त्याला माहीत ते आपल्याला नाही."

बाई बोलली ते खरं. मी पतपेढीत २२ वर्षं वसुलीच्या वह्या लिहिल्या. तिथं कर्ज द्यायचं तर आधी माणूस बघायचे, मग जामीनदार, मग कागद. जामीनदार कोण हे ऐकूनच मॅनेजर मान डोलवायचे किंवा चष्मा काढून ठेवायचे. चष्मा काढला की समजायचं, कर्ज गेलं. आता चष्म्याचं काम सिबिल करतं. ही कंपनी निघाली २००० साली, आणि आता देशात तिच्यासारख्या चार आहेत. त्यांचा कायदा २००५चा. पूर्वी बँका महिन्याकाठी माहिती पाठवायच्या. जानेवारी २०२५मध्ये ती पंधरवड्याला पाठवायचा नियम आला. म्हणजे थकवलं तर बातमी आपल्या गल्लीपेक्षाही लवकर पोचते.

"लवकर कशी? आपल्याकडे तर दुपारच्या आत..." छोटूची आई म्हणाली आणि आम्ही दोघीही हसलो.

एवढ्यात दार वाजलं आणि छोटू बनियनवर बाहेर आला. ब्रश तोंडात. "आजी, तुम्हीच सांगा. कार्ड नाही म्हणून इतिहास नाही, आणि इतिहास नाही म्हणून कार्ड नाही. जायचं कुठं?"

"तोंड धू आधी," त्याची आई म्हणाली.

"तुझ्यासारख्यांसाठीच एक जुनी वाट आहे," मी म्हटलं. "आम्ही पतपेढीत तिला ठेवतारण म्हणायचो. आता तिच्यावर कार्ड मिळतं. बँकेत तुझ्या नावावर एफडी करायची. समज पंधरा हजारांची. बँक पावतीवर बोजा चढवते आणि त्यावर कार्ड देते. मर्यादा कुठे ठेवीच्या पाऊणपट, कुठे पूर्ण ठेवीइतकी. समज नव्वद टक्के, म्हणजे साडेतेरा हजार. पगाराची स्लिप सहसा मागत नाहीत, कारण पैसे आधीच त्यांच्या गल्ल्यात. ठेकेदाराच्या माणसाला आणि रोख पगारवाल्या जीन्सच्या कारागिराला हीच सोय."

छोटूची आई गप्प झाली. ती गप्प झाली की समजावं, हिशोब चाललाय.

"थांबा," ती म्हणाली. "पैसे आपले. ते ठेवायचे बँकेत. आणि बँक आपलेच पैसे आपल्याला उधार देणार? वर व्याजही घेणार? याला सोय म्हणतात?"

"सोनं गहाण ठेवतेस तेव्हा सोनं कुणाचं असतं?"

"ते वेगळं. सोन्यावर पैसे नव्याने मिळतात."

"इथेही एक गोष्ट नव्याने मिळते. छोटूची हजेरी लागते. आणि एफडीचं व्याज थांबत नाही, ते चालूच असतं. कार्डाचं बिल तारखेला पूर्ण भरलं तर बँक व्याजाचा एक पैसा घेत नाही. कार्डाला वर्षाची फी आहे का तेवढं मात्र आधी विचारायचं. स्टेट बँकेचं 'उन्नती' कार्ड निघालं तेव्हा पंचवीस हजारांच्या ठेवीवर होतं, पहिली चार वर्षं फी नाही. प्रत्येक बँकेचं तिखटमीठ वेगळं. कार्ड बंद होईपर्यंत एफडी मोडता येत नाही, एवढं लक्षात ठेवायचं. आणि बिल थकवलंच, तर बँक ठेव मोडून पैसे वळते करते."

"आणि सिबिलमध्ये डाग?"

"तो लागतोच. ठेव गेली म्हणून डाग धुतला जात नाही."

भिंतीवरून किराणावाले दादा दिसले. आमच्या गल्लीत सगळे त्यांना दादाच म्हणतात, सिंध्यांच्या रीतीनं. सत्तरी ओलांडलेले, सकाळी दूध घेऊन परतताना आमच्या भिंतीपाशी थांबल्याशिवाय घरी जात नाहीत. विषय ऐकून त्यांनी पिशवी भिंतीवर ठेवली.

"उणे एक?" ते म्हणाले. "अरे बेटा, तो हमारा पूरा शहर उणे एक था. माझे वडील शिकारपूरचे. तिथल्या सराफांची हुंडी बुखाऱ्यापर्यंत चालायची. कागदाच्या एका चिठोऱ्यावर लोक पैसे मोजून द्यायचे. आणि इथं आले तर? कल्याणचा मिलिट्री कॅम्प. बराकी. राजाजींनी १९४९च्या ऑगस्टमध्ये पाया घातला, नाव दिलं उल्हासनगर. पण बापाची सगळी पत तर सिंधमध्ये राहिली. इथं त्यांना कोण ओळखणार? सगळी खाती शून्य."

"मग काय केलं त्यांनी?" छोटूनं ब्रश काढून विचारलं.

"पापड विकले. पहिल्या व्यापाऱ्याकडून माल रोखीनं घ्यायचे. मग म्हणाले, हे पैसे तुझ्याकडेच ठेव, माल दे, विकला की हिशोब करू. सहा महिन्यांनी तो म्हणाला, पैसे परत घेऊन जा, तुला उधार देतो." दादांनी पिशवी उचलली. "वही कार्ड है तेरा. पैसे ठेवले बापाने. वापस मिला भरोसा."

ते निघून गेले. छोटूची आई म्हणाली, "यांना आयुष्यात कधी इतकं बोलताना ऐकलं नव्हतं."

"उधारीचा विषय निघाला ना," मी म्हटलं. "दुकानदाराला त्याहून गोड काय असणार?"

पण दादांचं म्हणणं डोक्यात राहिलं. या गावात पत उभी राहायला सुरुवात आपल्याच पैशांच्या तारणानं झाली होती. १९८० साली सेंट्रल बँकेनं देशात क्रेडिट कार्ड आणलं, तेव्हा ते साहेब लोकांचं खूळ होतं. आता त्याच कार्डावर, रुपेचं असलं तर, २०२२पासून दुकानाच्या क्यूआर कोडवरही पैसे भरता येतात. छोटूला कार्ड खिशातून काढावंही लागत नाही. आणि मला नेमकी तीच भीती.

"अरे, ऐक," मी छोटूला म्हटलं. "कार्डानं पत वाढत नाही, बिल भरल्यानं वाढते. आता गणित सांगते, आईनंही ऐकावं. समज तू दहा हजार खर्च केलेस आणि पूर्ण न भरता 'किमान रक्कम' म्हणून पाचशे भरलेस. साधारण साडेतीन टक्के महिन्याचं व्याज, म्हणजे साडेतीनशे. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे त्रेसष्ट. चारशे तेरा झाले. पाचशेतून ते गेले, मुद्दलातून किती फिटले?"

"सत्त्याऐंशी," छोटूची आई पटकन म्हणाली. दहावीपर्यंतच शिकली, पण भिशीच्या हिशोबात तिला कुणी हरवत नाही.

"बरोबर. आणि तिकडे तुझी पंधरा हजारांची एफडी? साडेसहा टक्के धरले तर महिन्याला कमावते एक्याऐंशी. ठेव एक्याऐंशी देते, कार्ड चारशे तेरा खातं. म्हणून किमान रक्कम हा शब्द दिसला की समजायचं, सापळ्यावर गूळ लावलाय."

"आणि मी एटीएममधून कार्डानं रोख काढली तर?"

"तर मी ही भिंत आणखी चार विटा उंच करीन," त्याची आई म्हणाली.

ती बरोबर होती. रोख काढली तर फी वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासून, बिल पूर्ण भरलं तरी. खरेदीला जी पंचेचाळीस-पन्नास दिवसांपर्यंतची बिनव्याजी सवलत मिळते, ती रोखीला नाही.

मग आम्ही पुढचं ठरवायला बसलो, म्हणजे उभ्याच होतो. मी सांगितलं, साडेतेरा हजारांची मर्यादा असली तर महिन्याला चार हजारांच्या आतच वापर. तीसेक टक्क्यांच्या पुढे गेलास की आकडा कुरकुरतो. ट्रेनचा पास, मोबाइलचं रिचार्ज, आईचं वाणसामान, जे रोखीनं घेतोसच ते कार्डावर घे. नवं काही नाही. ठेकेदार पगार दहा तारखेला देतो, तेव्हा बिलाची शेवटची तारीख त्यापुढे असू दे. बिलाचं चक्र बदलून मागता येतं, रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या नियमांत ती सोय आहे. त्याच नियमांत हेही आहे की कार्ड बंद करायला सांगितलं आणि काही येणं नसेल, तर बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं. नाही तर दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यायचे.

"खरंच देतात?"

"नियम माहीत असणाऱ्याचं काम लवकर होतं, एवढं मी २२ वर्षांत पाहिलंय."

आणि वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट बघायचा. चारही कंपन्यांकडे. हे मी छोटूपेक्षा त्याच्या आईला ऐकवत होते, कारण गेल्या वर्षी मागच्या गल्लीतल्या एकानं मित्राच्या मोबाइलसाठी आपलं आधार आणि पॅन दिलं. मित्र गावाला गेला तो गेलाच. हप्ते थकले याच्या नावावर, आणि याला कळलं घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर.

"मग पहिल्यांदा बँकेनं मला हाकललं ते बरोबर होतं का?" छोटूचा सल अजून तिथंच होता.

"केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्या कर्जदाराचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. पण बँक कारण कुठं देते? आणि २०२३च्या नोव्हेंबरात बिनतारण कर्जांवर रिझर्व्ह बँकेनं बँकांना जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं, तेव्हापासून त्यांचा हात आखडलाय. भांडून दार उघडायला वेळ लागतो, बाळा. बाजूची खिडकी उघडी आहे, तिथून आत जा."

छोटू आंघोळीला गेला. पाणी थांबलं होतं, पिंप भरलं होतं, तरी आम्ही हललो नाही.

"काकू," त्याची आई हळूच म्हणाली, "माझी भिशी लागली आहे. पंधरा हजार. कुणाला बोलले नाही."

"मलाही?"

"आत्ताच सांगतेय ना! त्याच्या नावानं एफडी करायला देऊ?"

मी थोडा विचार केला. पैसे तिचे आणि हजेरी त्याची, हे काही मला पटेना. दादांच्या वडिलांनी स्वतःचे पैसे ठेवले होते. "दे," मी म्हटलं, "पण उसने दे. महिन्याला दीड हजार परत घे. दहा महिन्यांत फिटतील. त्याला तुझे परत करता आले, तर बँकेचेही करेल. तुझ्याच्यानं वसूल झाले नाहीत, तर कार्डाचं नाव काढायचं नाही."

तिला ते इतकं आवडलं की ती विटांवरून उतरली तशी सरळ घरात गेली. भिंतीवरचं कालनिर्णय काढून प्रत्येक महिन्याच्या दहा तारखेला लाल गोल करून आली. छोटूला सांगितलं, बँकेच्या आधी माझी वही. बँकेला जामीन एफडी, आणि मला जामीन काकू. मला न विचारताच मी जामीनदार झाले.

पहिला महिना गेला. बारा तारखेला सकाळी पाण्याच्या वेळी ती भिंतीवर आली ती तणतणत. "काकू, तुमचा माणूस थकला. दहाला द्यायचे, बाराला दिले. ठेकेदारानं उशिरा पगार केला म्हणे."

"अगं, तीन दिवसांपर्यंत चालतं," मी जामीनदाराच्या नात्यानं वकिली केली. "बिलाची तारीख उलटून तीन दिवस झाल्याशिवाय कार्डवाली बँकसुद्धा थकबाकी लावत नाही, दंडही घेत नाही. रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे."

तिनं कालनिर्णयाचं पान माझ्यासमोर धरलं. दहाच्या लाल गोलाशेजारी निळ्या पेनानं लिहिलं होतं, 'दोन दिवस'.

"ती रिझर्व्ह बँक," ती म्हणाली. "मी आई आहे त्याची."